एकेचाळीस ग्लास

चित्र कोर्टात आलं त्या दिवशी ते मुद्देमाल खोलीपर्यंत पोहोचेना. साडेआठ फूट लांब, आणि खोलीपुढचा बोळ असा वळणाचा की शिपायांनी उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं धरलं, तरी ते वळेना. शेवटी रस्त्याकडच्या खिडकीचे गज काढले आणि चित्र बाहेरून आत घेतलं. कारकूनबाई नोंदवही छातीशी धरून बाजूला उभ्या होत्या. त्यांना घाई नव्हती. या खोलीत आलेल्या वस्तूला कधीच घाई नसते, आणि वस्तू सांभाळणाऱ्याला तर नसतेच.

जिन्याखालची ती लांबट खोली. चोरीच्या सायकली, खुनातले सुरे, बनावट शिक्के, आणि प्रत्येकाला सुतळीने बांधलेली एकेक चिठ्ठी. बाई आधी वरच्या मजल्यावर चांगल्या उजेडात बसायच्या. एकदा अधीक्षकांना त्या चारचौघांत म्हणाल्या, "साहेब, वाचून सही करत जा." त्यानंतर महिन्याभरात त्यांचं टेबल खाली आलं.

नोंदवहीत वस्तूचं वर्णन लिहावं लागतं. 'सायकल, जुनी, घंटी नाही' इतकंही पुरतं. चित्राचं काय लिहायचं म्हणून बाईंनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. लांब टेबलामागे सात पुरुष बसलेले. कमरेच्या वर सगळे रुबाबात, कोट, टाय, छातीवर बिल्ले. टेबलावरचं कापड मात्र आरपार, आणि कमरेखाली सातही जण जन्मले तसे. सुटलेली पोटं, काटकुळ्या मांड्या, एकाचे मोजे तेवढे पायात. उजव्या कडेला हातात ट्रे घेऊन एक दाढीवाला उभा, त्याच्या अंगावर तर वरही चिंधी नाही. शिपाई फिदीफिदी हसत होते. बाईंनी लिहिलं, 'पुरुष आठ, टेबल एक'. मग टेबलावरचे पाण्याचे ग्लास मोजले. सात माणसांच्या टेबलावर एकेचाळीस ग्लास. दोनदा मोजले, तेवढेच भरले.

आकडा बघून त्यांच्या लक्षात आलं. गावातल्या कुणाच्याही आलं असतं. दोन वर्षांपूर्वी नदीच्या पैलतीराला जाणारी लाँच भर दुपारी उलटली होती आणि एकेचाळीस माणसं गेली होती. मग चौकशी समिती बसली, सात जणांची. समितीने अहवाल दिला की प्रवासी एकाच बाजूला गर्दी करून उभे राहिले, त्यामुळे तोल गेला. म्हणजे बुडालेल्यांनीच स्वतःला बुडवलं. चित्राचं नाव होतं 'चौकशी समिती', आणि सातही चेहरे इतके हुबेहूब की प्रदर्शनाच्या तिसऱ्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांनी अश्लीलतेची आणि बदनामीची तक्रार ठोकली. पोलिसांनी चित्र भिंतीवरून उतरवलं ते थेट इथे.

चित्रकाराला सगळे मास्तर म्हणत. शिंप्याचा मुलगा. पैलतीरावरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, पण ती नोकरी फार वर्षं टिकली नाही. शाळेच्या संचालकांनी स्वतःचं मोठं तैलचित्र काढायला सांगितलं. मास्तरांनी काढलं, चेहरा असा की आरशाने लाजावं, फक्त हातात मुलाच्या डब्यातला अर्धा खाल्लेला घास दिला. मुलांच्या जेवणाचं सामान कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं, भिंतीवर कुणी टांगलं नव्हतं इतकंच. पुढे नव्या सरकारी कचेरीच्या भिंतीवर 'प्रगती' रंगवायचं काम मिळालं. मास्तरांनी रांग रंगवली. तीनशे माणसांच्या पाठी, आणि रांगेच्या टोकाला खिडकीच नाही. आठवड्यात भिंतीला चुना लागला. बायकोने हे सगळं सोळा वर्षं सोसलं, मग मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात नोकरी धरली. मास्तर कुणाशी त्याबद्दल बोलत नसत, आणि विचारलंच तर म्हणत, "तिचं बरोबर होतं."

खटल्याची तारीख असली की सुनावणी आटोपून मास्तर जिन्याखाली यायचे. पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाले, "कोणी टेकवलंय ते भिंतीला? ओल आहे तिथे. घरी मीठ असंच ठेवता का?"

"घरचं मीठ सासूबाई बघतात," बाई म्हणाल्या. "इथलं मी. आरोपीला मुद्देमाल बघायचा तर अर्ज लागतो."

मास्तरांनी तिथल्या तिथे अर्ज खरडला. बाईंनी तो वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, आणि आत घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्राखाली विटा लावल्या आणि मागे हातभर जागा सोडली. आभाराचा शब्द मास्तरांच्या तोंडून आला नाही. पुढच्या तारखेला त्यांनी वाकून विटा पाहिल्या आणि नुसतं हुंकारले.

घरी सासूबाईंना या चित्राचं भारी कुतूहल. "तूच सांभाळतेस ना ते? दिसतं तरी कसं?"

"माणसं आहेत, आई. आपल्यासारखीच."

"सातही?"

"आठ."

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "अध्यक्ष कसा दिसतो?"

तारखा पडत राहिल्या. एकदा वकील आजारी, एकदा साक्षीदार गावाला, एकदा न्यायाधीशांचीच बदली. तीन वर्षं अशीच सरली. मग एका सकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं आणि चित्रावर पडलं. बाई धूळ झटकत होत्या. हात थांबला. ग्लासातल्या पाण्यात काहीतरी होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून भिंग आणलं. ग्लासामागून ग्लासात, पाण्याच्या रेघेखाली, अंगठ्याच्या नखाएवढा एक चेहरा. म्हाताऱ्याचा, पोराचा, नाकात चमकी असलेल्या बाईचा. तीन वर्षं त्या चित्राजवळ बसून डबा खात होत्या, आणि मांड्यांच्या पुढे त्यांची नजर गेलीच नव्हती. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

पुढच्या तारखेला त्यांनी विचारलं. मास्तर स्टुलावर बसले. "दारोदार फिरलो. फोटो मागितले. काही जणांनी हाकलून दिलं, मग स्वतःच शोधत आले. वर्ष गेलं त्यात. समितीला एवढा वेळ लागला नव्हता."

"आणि तो ट्रेवाला दाढीवाला तुम्हीच. तुम्ही स्वतः का उघडे?"

"शाळेची नोकरी गेल्यावरही मी दर आठवड्याला त्या लाँचने जायचो. तळाची फळी कुजलीय हे मला दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं. मी काय केलं? तिचं स्केच काढलं. छान आलं होतं." त्यांनी चित्रातल्या दाढीवाल्याकडे पाहिलं. "मग मला कपडे कशाला?"

त्याच पावसाळ्यात इस्त्रीवाली आली. बाजारामागच्या गल्लीत तिचं इस्त्रीचं दुकान, अर्ध्या कोर्टाचे काळे कोट तिच्याकडे जायचे. तिच्या उजव्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझी पोरगी आत आहे. बघू द्या."

बाईंना वाटलं कुणी आरोपी शोधतेय. मग कळलं. मुलगी बारा वर्षांची, मामाकडे निघाली होती. तिचा एकही फोटो नव्हता. मास्तर घरी आले तेव्हा आईने नुसतं तोंडाने सांगितलं, भुवया अशा, हसताना ओठ असा दुमडायची, आणि मास्तरांनी काढून खोडलं, काढून खोडलं. सात दिवस बसले होते इस्त्रीच्या टेबलाशी. आठव्या दिवशी कागदावर ती आली.

"तो कागद कुठे आहे?"

"माझ्याकडेच होता. धुराने, वाफेने गेला. आता इथेच आहे ती."

नियम बाईंना पाठ होता. ज्याचा खटल्याशी संबंध नाही त्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय आत घ्यायचं नाही. अर्जाचा नमुनासुद्धा नव्हता, कारण कुणाची मुलगी मुद्देमालात असेल हे नमुने छापणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी बोळात पाहिलं. अधीक्षक वर होते. मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नोंदवही मिटून ठेवली आणि तिच्या हातात भिंग दिलं.

इस्त्रीवाली चित्रासमोर गुडघ्यांवर बसली. डावीकडून सहावा ग्लास. ती रडली नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथली भुवई जरा जाड झालीय. पण तीच आहे." त्यानंतर दर महिन्याला ती यायची. दर वेळी जिन्याकडे एकदा बघून बाई तिला आत घ्यायच्या. अधीक्षकांना कळलंच. त्यांनी खाली येऊन विचारलं, "ही कोण?"

"खटल्याशी संबंधित," बाई म्हणाल्या.

"आरोपी की फिर्यादी?"

"ते अजून कोर्टाने ठरवलेलं नाही, साहेब."

अधीक्षक चित्राकडे बघत उभे राहिले, मग जिना चढून गेले. बाईंना त्यांची ती मेहेरबानी शेवटपर्यंत विसरता आली नाही.

पाचव्या वर्षी नव्या न्यायाधीशांनी तडजोड सुचवली. अध्यक्ष म्हातारे झाले होते, त्यांनाही तारखांचा कंटाळा आला होता. चित्रातल्या सातही व्यक्तींना मास्तरांनी सभ्य वेशात दाखवावं. तसं केलं तर तक्रार मागे, चित्र परत. नाही केलं तर निकाल, आणि निकाल मास्तरांच्या विरोधात गेला तर चित्र नष्ट होईल हे वकिलांनी स्पष्ट सांगितलं.

मास्तर खाली आले तेव्हा इस्त्रीवाली आतच होती. ते खोकत होते, वर्षभर तो खोकला जात नव्हता. "जाळू देत," ते म्हणाले. "कपडे घालायला मी काय त्यांचा नोकर आहे?"

इस्त्रीवाली उठली. "जाळू देत म्हणजे?"

"म्हणजे जाळू देत. जळलं तरी लोक म्हणतील, असं एक चित्र होतं. कपडे घातले तर काय उरलं? सात सभ्य गृहस्थ पाणी पितायत."

"आणि माझी पोर?"

मास्तरांनी टोपी काढून स्टुलावर ठेवली.

"मास्तर, त्यांचं काय उघडं आहे त्याच्याशी मला घेणं नाही. मी एकदाही तिकडे बघितलं नाही. ती एकदा बुडाली. आता तुमच्या हट्टापायी तिला जाळायची?"

"तुला कळत नाही. आयुष्यभर मी..." त्यांना खोकल्याची उबळ आली.

"तुमचं आयुष्य तुमच्याकडे ठेवा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही माझ्या घरी सात दिवस बसलात तेव्हा मी तुम्हाला ती दिली. चित्र तुमचं असेल. ती तुमची नाही."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. टोपी उचलून निघून गेले. त्या संध्याकाळी घरी सासूबाईंनी अध्यक्षांचा विषय काढला नाही.

दहा दिवसांनी मास्तरांनी तडजोडीवर सही केली. हुकूम असा निघाला की काम मुद्देमाल खोलीतच व्हावं, कारकुनाच्या समक्ष. सकाळी दहाला मास्तर आले, खांद्यावर रंगांची पेटी. टर्पेंटाइनचा वास सुऱ्या-शिक्क्यांच्या खोलीत पसरला. त्यांनी कोपऱ्यातल्या दगडी फरशीवर रंग घोटले आणि पहिल्या माणसाला विजार घालायला घेतली.

बाईंना वाटलं होतं, चार फटकाऱ्यांत उरकतील. पण मास्तर शिंप्याचे होते. त्यांनी कापडाचा पोत आणला, गुडघ्यावरची घडी आणली, जाड्या सभासदाच्या कमरेला पट्टा जरा ओढून बसवला. मधेच वळून विचारलं, "याला खिसे किती द्यायचे?"

"दोन," बाई म्हणाल्या.

"खोल?"

"ते तुम्हीच ठरवा."

ते हसले. पाच वर्षांत बाईंनी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग काम करता करता ते बोलू लागले. बाप रात्रंदिवस मशीनवर वाकलेला असायचा. बड्या माणसांची मापं घ्यायला त्यांच्या घरी जायचा आणि त्यांच्या पायाशी बसायचा. "ते बघून मी ठरवलं होतं, या लोकांचे कपडे उतरवायचे. आता बघा, शेवटी बापाचंच काम करतोय." आवाजात विनोद होता की काय होतं, ते बाईंना कळलं नाही. चौथ्या दिवशी सातवा माणूस झाला. मास्तरांनी ब्रश पुसले.

"आणि हे आठवे?" बाईंनी ट्रेवाल्याकडे बोट केलं.

"हुकमात सात लिहिलेत," मास्तर म्हणाले. "वाचून सही केलीय मी."

न्यायाधीश स्वतः बघायला आले. सरकारी वकिलांनी आठव्यावर हरकत घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, आठव्याने तक्रार केली आहे का? नव्हती. चित्र सुटलं. खिडकीचे गज पुन्हा काढावे लागले.

ते टांगलं नावाड्यांच्या संघटनेच्या सभागृहात, नदीकाठीच. लोक बघायला आले, आधी थोडे, मग रांगा लागल्या. आता हसायला काही नव्हतं. माणसं टेबलाशी वाकायची आणि ग्लासांत बघायची. एका बातमीदाराने मास्तरांना विचारलं, वरचे रंग मुद्दाम कच्चे वापरलेत का, काही वर्षांनी ते उडून खालचं दिसेल असे? "नाही," मास्तर म्हणाले. "पक्के कपडे आहेत. धुतले तरी जाणार नाहीत."

त्यानंतर त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. छातीचं दुखणं बळावलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. बाई दर रविवारी जायच्या. एका रविवारी त्या एक बातमी सांगायलाच म्हणून लवकर गेल्या. समितीतले सर्वांत वयस्क, निवृत्त इंजिनियर, सभागृहात आले होते. तासभर उभे होते. इस्त्रीवाली तिथेच होती. त्यांनी तिला विचारलं, यातली तुमची कोण? तिने दाखवली. ते म्हणाले, लाँच तपासल्याच्या कागदावर मी सही केली होती, लाँच पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच कोर्टात लिहून दिलं. चौकशी पुन्हा उघडणार होती.

मास्तर छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "उघडा असता तर आला असता का तो?"

बाईंनी खोटं बोलायचा विचार केला. "नसते आले."

"मग मी जन्मभर चुकलो?"

"उघडे काढले नसते तर चित्र कोर्टात आलं नसतं. मी ग्लास मोजले नसते. मग कुणी..."

"हे तुम्ही कारकुनासारखं बोललात," मास्तर म्हणाले. "दोन्हीकडे शिक्का." पण त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि बाईंच्या मनगटावर क्षणभर टेकला. नंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाई उठल्या तेव्हा त्यांचे डोळे उघडेच होते.

पंधरा दिवसांनी ते गेले. त्यांचा मुलगा आला, बापासारखाच उंच, गर्दीत सर्वांत मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गाडीने परतला. दुसऱ्या चौकशीत दोन अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. अध्यक्षांना काही झालं नाही. अहवालातलं प्रवाशांबद्दलचं वाक्य मात्र काढून टाकलं गेलं.

बघायला येणारे नावं विचारू लागले, तेव्हा इस्त्रीवालीने बाईंना गाठलं. चित्राखाली लावायला यादी हवी होती, आणि तिला लिहिता येत नव्हतं. तीन रविवार दोघी घराघरांत फिरल्या. कुठे चहा मिळाला, कुठे दार उघडलं नाही. बाईंनी जाड कागदावर टाकाने, आपल्या वळणदार अक्षरात, एकेक ग्लास बघून एकेक नाव लिहिलं. चाळीस झाली. शेवटच्या ग्लासात मास्तरांनी चेहरा काढलाच नव्हता, फक्त मानेचा मागचा भाग आणि कापलेले केस. त्या माणसाचं प्रेत न्यायला कुणीही आलं नव्हतं. कुठला, कुणाचा, कुठे निघाला होता, कुणाला माहीत नाही.

"रिकामी जागा सोडूया," इस्त्रीवाली म्हणाली.

बाईंनी टाक बुडवला, थोडा वेळ तसाच धरला. "नको. रिकामी सोडली तर लोकांना वाटेल, चाळीसच होते." आणि त्यांनी एकेचाळिसाव्या आकड्यापुढे लिहिलं, 'एक माणूस'. शाई वाळेपर्यंत दोघी तिथेच बसल्या.